विषाचा आहेर



विषय विचारायला व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, "पतंग." पलीकडून उत्साहाने उत्तर आलं, "वा मॅडम, संक्रांत जवळच आली आहे, छान जुळतंय!" मला खुलासा करावा लागला की मांज्याचा नव्हे, पंखांचा पतंग. मग जरा शांतता पसरली. "म्हणजे फुलपाखरासारखा?" "तसाच. एकाच जातीबद्दल बोलेन. पंख पसरले तर साडेतीन सेंटिमीटर, मिटले तर दोन." यानंतरची शांतता आणखी लांबली. तरीही मला इथे उभं राहू दिलंत, त्याबद्दल आभार.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत ते सर वनस्पतिशास्त्राचे. किड्यांवर त्यांचा राग होता आणि त्याला कारणही होतं. वाळवून, दाबून, कागदावर शिवून ठेवलेले नमुने किडे रातोरात फस्त करत. "तुझी मंडळी माझी लायब्ररी खातात," असं ते मला म्हणायचे. मी प्राणिशास्त्राची, त्यामुळे जगातल्या सगळ्या किड्यांची मी पालक. पण त्याच सरांनी मला एकदा एक प्रश्न घातला होता, त्याचं उत्तर शोधता शोधता मी या पाखराच्या नादी लागले. प्रश्न पुढे सांगते. आधी पाखरू दाखवते.

श्रावणभाद्रपदात एखाद्या पडीक माळावर जा. गवत गुडघ्याएवढं झालेलं असतं, मधूनमधून पिवळ्या फुलांची खुळखुळ्याची झुडपं असतात. चालताना पायाशी काहीतरी पांढरं उडतं, आठदहा पावलांवर गवतात उतरतं आणि दिसेनासं होतं. तिथे हळूच जाऊन बसायचं. गवताच्या काडीला एक बारीक नळी चिकटल्यासारखी दिसते. या पतंगाने पंख अंगाभोवती गुंडाळून घेतलेले असतात. साईसारखा पांढरा रंग, त्यावर लाल ठिपक्यांच्या वेड्यावाकड्या ओळी आणि त्या ओळींच्या मधे काळी टिंबं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, कुणाच्या तरी लग्नातली अक्षता उडून काडीला चिकटली. कुंकू लावलेली आणि दृष्ट लागू नये म्हणून काजळाचं बोट टेकवलेली. त्याने पंख उघडले की मागचे पंख दिसतात. ते नुसते पांढरे, कडेला मात्र काळी, उसवल्यासारखी किनार.

नाव युटेथाइसा पुल्केला. 'पुल्केला' म्हणजे लॅटिनमध्ये देखणी, तेही लाडाने म्हटलेलं, आपण 'गोडुली' म्हणतो तसं. हे नाव वर्गीकरणकार लिनिअसने १७५८ साली दिलं. त्याने पतंगांचे काही गट पाडले ते बसताना पंख कसे ठेवतात यावरून. हे पाखरू पंख गुंडाळून नळी करतं, म्हणून त्याने ते टिनिया या गटात टाकलं. त्याच गटात लोकरीचे कपडे खाणारी कसर होती! एवढं देखणं नाव द्यायचं आणि बसवायचं कसरीच्या पंगतीला. पुढे चूक दुरुस्त झाली. आज ते आर्क्टिइनी या उपकुळात आहे, ज्यातल्या बहुतेकांच्या अळ्या केसाळ असतात. आपण त्यांना सुरवंट म्हणतो, काही भागांत कुसरूड म्हणतात आणि अंगावर पडलं की आणखीही बरंच काही म्हणतात.

याची अळी काळपट करडी. पाठीवरून पांढरा पट्टा जातो, प्रत्येक वळ्यावर नारिंगी आडवी रेघ असते आणि केसांचे विरळ झुबके. लपण्याचा प्रयत्न अजिबात नाही. हिरव्या पानावर भर दुपारी उघड्यावर बसून जेवते. चिमण्या, साळुंक्या, वेडे राघू सगळे आसपास असताना एवढा निर्धास्तपणा कुठून आला, हा प्रश्न माझ्याही मनात होता. पण सरांचा प्रश्न वेगळा होता.

त्यांच्याकडे तागाच्या पिकावरची एक अळी कुणीतरी आणून दिली होती. तागाचं नाव काढलं की आपल्याकडे एक घोटाळा होतो तो आधी निस्तरते. भूगोलाच्या पुस्तकात बंगालचा ताग असतो, ज्याची पोती होतात, ती वनस्पती निराळी. आपल्या शेतकऱ्याचा ताग, ज्याला अनेक ठिकाणी बोरू म्हणतात, तो क्रोटालारिया जुन्सिया. पावसाच्या सुरुवातीला पेरायचा, सहाआठ आठवड्यांनी फुलावर आला की नांगराने गाडायचा, जमिनीला नत्र मिळतं. पूर्वी याच्या सालीचे दोर वळत, बैलांचे कासरे होत. कृषी खात्याच्या पुस्तकात 'तागावरील केसाळ अळी' म्हणून जी येते ती हीच आपली गोडुली. आधी पानं खाते, मग शेंगा धरल्या की शेंगेत शिरून बी खाते. जो गाडण्यासाठी ताग पेरतो त्याचं ती फारसं बिघडवत नाही, शेंगा धरायच्या आत पीक मातीत जातं. बियाण्यासाठी राखलेल्या तागाची मात्र ती खरी शत्रू.

तर सर म्हणाले, "तागावर आहे, कबूल. खुळखुळ्यावर आहे, तेही कबूल, दोघं एकाच प्रजातीचे. पण हीच अळी मला काल तळ्याच्या काठी भुरुंडीवर दिसली. भुरुंडीचा आणि तागाचा संबंध काय? एक शेंगावर्गातली, दुसरी भोकराच्या नात्यातली. फूल वेगळं, फळ वेगळं, पान वेगळं. तुझ्या अळीला वर्गीकरण येत नाही की मला?"

भुरुंडी तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे, नाव माहीत नसेल एवढंच. उन्हाळ्यात तळ्याचं पाणी ओसरलं की गाळावर उगवते. विंचवाच्या नांगीसारखी वळलेली फुलांची शेंडी, त्यावर फिकट जांभळी, बारीक फुलं. युरोपात ही अळी बोरेज, एकियम अशा वनस्पतींवर मिळते. त्याही भुरुंडीच्या कुळातल्या. म्हणजे हा स्थानिक अपघात नाही. दोन परक्या घराण्यांत तिची नेमाने ये-जा आहे.

उत्तर रसायनशास्त्रात होतं. क्रोटालारियाच्या बियांत आणि पानांत, भुरुंडीच्या पानांत, पायरोलिझिडीन अल्कलॉइड नावाच्या विषांचा एकच गट असतो. दोन घराण्यांनी हे विष आपापलं, स्वतंत्रपणे तयार केलं. खाणाऱ्याला हाकलून लावणं हाच हेतू. सर पाकळ्या मोजत होते, अळी विष चाखत होती. तिच्या वर्गीकरणात ताग आणि भुरुंडी सख्खी भावंडं आहेत.

हे विष किती खरं आहे ते सांगण्यासाठी पतंगाला थोडा वेळ बाजूला ठेवते. सत्तरच्या दशकात सरगुजा जिल्ह्यात, तेव्हाच्या मध्य प्रदेशात आणि आजच्या छत्तीसगडमध्ये, माणसांची पोटं पाण्याने फुगू लागली, यकृतं निकामी होऊ लागली. १९७६ साली टंडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये त्याचा अहवाल दिला: ६७ रुग्ण, त्यांपैकी २८ दगावले. आदिवासी वस्त्यांत गोंदली नावाचं बारीक धान्य खातात. त्या शेतात क्रोटालारियाचं तण माजलं होतं, त्याचं बी धान्यात मिसळलं आणि भाकरीतून पोटात गेलं. त्याच सुमारास अफगाणिस्तानात गव्हात भुरुंडीच्या एका बहिणीचं बी मिसळून असाच आजार पसरला. म्हणजे सरांची ती दोन परकी घराणी माणसाच्या यकृतातही एकाच दाराने शिरतात. खरं तर वनस्पतीत हे विष बऱ्याच प्रमाणात सौम्य रूपात असतं. आपल्या आतड्यात आणि यकृतात त्याचं घातक रूप होतं. आपल्या पतंगाच्या गटातल्या अळ्यांकडे मात्र असं विकर असतं की ते विषाला पुन्हा सौम्य रूपात आणून अंगात साठवू देतं. जे आपल्याला मारतं ते तिच्या कोठारात नीट बरणीबंद होऊन बसतं.

साठवून काय करते, याचा उलगडा झाला तो अमेरिकेत, आणि आपल्या नव्हे तर तिच्या चुलत बहिणीवर. युटेथाइसा ऑर्नाट्रिक्स ही अमेरिकेतली जात. पुढचे पंख गुलाबी-नारिंगी, जरा भपकेबाज. कॉर्नेल विद्यापीठात थॉमस आयस्नर नावाचे प्राध्यापक होते. जन्म बर्लिनचा, हिटलरच्या काळात घरच्यांबरोबर देशोधडीला लागून दक्षिण अमेरिकेत वाढलेले, पियानो उत्तम वाजवणारे, किड्यांचं रसायन नाकाने हुंगणारे. २०११ साली ते गेले. फ्लोरिडात त्यांनी पाहिलं, की हा पतंग कोळ्याच्या मोठ्या जाळ्यात अडकला की धडपडत नाही. स्वस्थ पडून राहतो. सोनेरी जाळं विणणारी ती भली मोठी कोळीण धावत येते, चाचपते आणि मग एकेक धागा कातरून त्याला मोकळा करते. पतंग खाली पडतो आणि उडून जातो.

पाहुणा जेवायला आला आणि यजमानाने ताट ओढून घेऊन दार उघडून दिलं, असा हा प्रकार. आयस्नर आणि रसायनतज्ज्ञ जेरल्ड माइनवाल्ड यांनी मग अळ्यांना क्रोटालारिया न देता कडधान्याचा साधा, बिनविषारी आहार देऊन वाढवलं. त्यांच्यापासून झालेले पतंग दिसायला हुबेहूब तसेच. कोळ्यांनी ते निवांत खाल्ले. रंग म्हणजे नुसती पाटी. मालमत्ता आत असावी लागते.

इथे एक गंमत सांगायची राहते. त्या प्रयोगांत अळ्यांना खाऊ घातलेलं झुडूप बऱ्याचदा क्रोटालारिया स्पेक्टाबिलिस होतं, मूळचं आपल्या भारतीय उपखंडातलं. गेल्या शतकात अमेरिकेच्या दक्षिण भागात ते हिरवळीच्या खतासाठी नेलं, पुढे ते रानोमाळ पसरलं आणि तिथल्या गुराढोरांना त्याची विषबाधा होऊ लागली. म्हणजे कॉर्नेलच्या प्रयोगशाळेतली ती जगप्रसिद्ध वंशावळ आपल्या खुळखुळ्याच्या भाऊबंदांवर पोसली गेली. हे मी सरांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता. अखेर शोधाचं श्रेय वनस्पतीकडे आलं होतं.

आता लग्नाकडे येते. अक्षतांचा विषय मी उगाच काढला नव्हता.

संध्याकाळी अंधारताना मादी गंध सोडते, वाऱ्याच्या दिशेने, थांबून थांबून. नर त्या वासाच्या वाटेने येतो. जवळ आल्यावर तो पोटाच्या टोकाकडचे दोन केसाळ झुपके बाहेर काढतो आणि मादीच्या अंगावर टेकवतो. त्या झुपक्यांतही एक गंध असतो, हायड्रॉक्सीडॅनेइडल नावाचा. तो गंध नर कुठून बनवतो? अळीपणी खाल्लेल्या त्याच विषापासून. बिनविषारी आहारावर वाढलेल्या नराकडे हा गंध नसतो आणि मादी त्याला बहुधा झिडकारते. ज्याच्याकडे विष जास्त त्याचा गंध जास्त. हुंडा किती आहे ते हुंगून कळतं.

आणि हुंडा खरोखर मिळतो. मीलनात नर बीजाबरोबर एक पुडी देतो, आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतकी. साठ किलोच्या नवरदेवाने सहा किलोचा आहेर करावा तसं. त्या पुडीत पोषण असतं आणि विषही असतं. मादी त्यातलं काही स्वतःसाठी ठेवते, काही अंड्यांत घालते. १९८८ साली डेव्हिड डसर्ड आणि आयस्नर यांनी दाखवलं की अंड्याला आईबाप दोघांकडून विष मिळतं. आईचा वाटा मोठा, बापाचा लहान, पण नगण्य नाही. त्या अंड्यांना ढालकिडे, मुंग्या टाळतात. आपल्या समाजात आहेर देण्याघेण्यावरून जे रुसवेफुगवे होतात ते पाहता, हा एवढा एकच आहेर मला उपयोगाचा वाटला आहे. मुलांच्या संरक्षणासाठी, जन्मायच्या आधी पोहोचता केलेला.

मादी एकाच नरावर थांबत नाही. आयुष्यात कधीकधी दहाहून अधिक नरांशी तिचं मीलन होतं आणि पुडी घेऊन झाल्यावरही ती निवड करते. धिप्पाड नराचं बीज तिच्या शरीरात पुढे सरकतं, किरकोळाचं मागे पडतं. धिप्पाड म्हणजे सहसा अळीपणी चांगलं बी मिळालेला. आणि अळीपणीची ती स्पर्धा गोड नसते. एका शेंगेत मोजकं बी असतं. ज्या अळीला पुरेसं विष मिळालं नाही ती सरळ आपल्याच जातीची अंडी खाते, कोष खाते, कारण त्यांत विष आयतं असतं. 'गोडुली' हे नाव देणाऱ्या लिनिअसला हे माहीत नव्हतं, ते बरंच झालं.

तुम्ही विचाराल, हे सगळं अमेरिकन बहिणीचं, आपलीचं काय? रास्त प्रश्न आहे. खाद्य तेच, विष तेच, निर्धास्तपणा तोच. नराच्या झुपक्यांचं रसायन आपल्या बाजूच्या दोन जातींत, लोट्रिक्स आणि पुल्केलॉइडिस यांत, १९७२ साली ऑस्ट्रेलियात कल्व्हेनर आणि एडगर यांनी तपासलं, तेही याच विषापासून घडलेलं निघालं. पण आपल्या माळावर कोळीण धागे कातरते का, हे बसून पाहायला कॉर्नेल लागत नाही. छत्री आणि वेळ लागतो.

या जाती एकमेकींशी इतक्या मिळत्याजुळत्या आहेत की जुन्या पुस्तकांत सगळ्यांना मिळून पुल्केला म्हटलेलं आढळतं. म्हणून तिचा प्रदेश आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत सलग दाखवत. १९३९ साली कार्ल जॉर्डन यांनी जुन्या जगातल्या जाती बारकाईने तपासून वेगळ्या केल्या. आज पुल्केलाचं घर आफ्रिका, दक्षिण युरोप, पश्चिम आणि मध्य आशिया, भारत, म्यानमारपर्यंत मानतात. त्यापुढे पूर्वेला आणि ऑस्ट्रेलियात बहुतेक कारभार पुल्केलॉइडिसचा. लोट्रिक्स आपल्याकडेही आहे. म्हणून मोबाइलवर टिपलेल्या फोटोखाली ठामपणे 'पुल्केला' लिहिणाऱ्या तरुण मंडळींना मी सांगते, जरा दमानं. मीही अशी एक वही चुकीच्या नावांनी भरली आहे, शाईने.

हे दोन सेंटिमीटरचं पाखरू भटकं आहे. उबदार वारे लागले की भूमध्य समुद्राकडून निघून इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर उतरतं. तिथला हिवाळा त्याला सोसत नाही. ज्या वर्षी येतं त्या वर्षी तिथले हौशी लोक कॅमेरे घेऊन गावोगाव धावतात. आपल्याकडे ते पायाखालून उडतं आणि आपण म्हणतो, पाकोळी असेल.

खुळखुळ्याबद्दल थोडं. शेंग वाळली की आतलं बी सुटं होतं आणि हलवली की वाजते. लहानपणी आम्ही पायाला बांधून पैंजण करायचो. नाव देणाऱ्यांनाही वाजणंच सुचलं होतं. ग्रीक भाषेतल्या वाजवायच्या चिपळीवरून क्रोटालारिया नाव आलं, त्याच शब्दावरून अमेरिकेतल्या खुळखुळ्या सापाचंही. शेंग हलवली आणि वाजली नाही तर उन्हाकडे धरून पाहावं. एका बाजूला मोहरीएवढं भोक दिसतं. आत बी नसतं, चोथा असतो. अळी जेवून, हात धुऊन गेलेली असते. ती खाली पाचोळ्यात जाऊन विरळ रेशमाचा कोष करते.

सरांच्या पश्चात त्यांचे वाळवलेले नमुने आवरायचं काम माझ्याकडे आलं. खरं तर किड्यांच्या पालकाकडे ते सोपवणं हा विनोदच. एका कागदावर खुळखुळा निघाला. फूल, पान, दोन शेंगा, सगळं टाक्यांनी नीट शिवलेलं. एका शेंगेला भोक होतं. खाली सरांच्या अक्षरात नोंद: 'फळ किडके. चांगले मिळाल्यास बदलणे.' ते कधी बदललं गेलं नाही.

मी पेन्सिल उचलली होती. भोकाच्या शेजारी 'यु. पुल्केला, अळी' असं लिहिणार होते. पण क्रोटालारियाच्या शेंगा पोखरणारा आणखी एक पतंग आपल्याकडे मुबलक आहे, अर्जिना नावाचा, नारिंगी पंखांवर काळ्या ठिपक्यांचा. त्याची अळीही शेंगेत शिरते आणि बी खाते. आत विष्ठेचे चार कण होते, केस एकही नव्हता. नुसत्या भोकावरून धनी ओळखता येत नाही. मी शेंग भिंगाखाली उलटसुलट करून पाहिली, कागद पुन्हा फडताळात ठेवला, आणि डांबराच्या दोन गोळ्या जास्त टाकल्या.